मजुरांची सुगी घराघरांत दाखवणारा शेतकऱ्याचा मुलगा

दिवेलागण होते, जेवणे आटोपतात आणि घरातली मंडळी पडद्यासमोर बसतात. कुठे दुष्काळ, कुठे पूर, कुठल्या तरी दूरच्या गावातली चार माणसे आपले गाऱ्हाणे सांगत असतात. घरातली म्हातारी म्हणते, "अगं बाई, हे तर आपल्यासारखंच!" पण ही माणसे आपल्या घरात आणली कोणी? त्यांच्या बोलण्यातले कोणते चार शब्द ठेवले, कोणते चाळीस कापून टाकले, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून? तमाशात सरदार समोर उभा असतो. इथला सरदार पडद्याआड असतो. त्याला अनुबोधपटाचा निर्माता म्हणतात. अनुबोधपट म्हणजेच हल्लीच्या भाषेत माहितीपट.

हा धंदा करणारा माणूस घडतो कसा, आणि त्याला त्याची किंमत काय पडते, हे सांगण्यासाठी आज एका अमेरिकन माणसाची हकिगत निवडली आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबचा माणूस कशाला? तर तो शेतकऱ्याचा मुलगा होता, आणि त्याचा जो अनुबोधपट आजही लोक आठवतात तो शेतमजुरांवरचा आहे. या माणसाचे नाव एडवर्ड मर्रो.

मर्रोचा जन्म २५ एप्रिल १९०८ चा. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात पोलकॅट क्रीक नावाच्या वस्तीवर त्याच्या बापाची शेती होती. मका आणि गवत हीच पिके. ओंडक्यांचे घर, घरात वीज नाही, नळ नाही. तीन भावांत हा धाकटा. खरे नाव एगबर्ट. पुढे रानात लाकूडतोड्यांबरोबर काम करू लागल्यावर ते नाव त्याला जड झाले नि त्याने एडवर्ड हे नाव घेतले. शेतीत भागेना म्हणून हा सहा वर्षांचा असताना आईबापांनी बिऱ्हाड उचलले आणि आगगाडीने पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या ब्लँचर्ड या गावी मुक्काम हलवला. तिथे बापाला लाकूड वाहून नेणाऱ्या रेल्वेवर नोकरी लागली. पोरे शेजारपाजारच्या शेतांत मजुरी करीत.

आई मोठी कडक. ती क्वेकर पंथाची. साधे राहावे, खोटे बोलू नये, दारू-तंबाखूला शिवू नये अशी त्या पंथाची शिकवण. रोज रात्री मुलांनी बायबलचा एक अध्याय मोठ्याने वाचायचा असा घरचा रिवाज होता. तुमच्या घरी आजोबांपुढे हरिविजय किंवा पांडवप्रताप वाचताना ज्यांची जीभ वळली असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वाक्य कुठे तोडायचे, कुठे थांबायचे, हे कानाला लहानपणीच कळते. शाळेत एड वादविवादाच्या संघात होता. शाळा संपली तरी कॉलेजला पैसे नव्हते, म्हणून एक वर्ष जंगलात लाकूडतोडीच्या तळावर काम करून त्याने पैसे साठवले.

कॉलेज सरकारी, पुलमन गावचे. तिथे त्याला आयडा लू अँडरसन नावाच्या बाई भेटल्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचे शरीर वाकलेले, प्रकृती नाजूक. पण वक्तृत्व शिकवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. शब्द कमी, अर्थ जास्त, आणि मुख्य म्हणजे मध्ये थांबायला घाबरायचे नाही, हा त्यांचा धडा. त्याचा उपयोग पुढे कसा झाला ते येईलच. १९३० साली एड पदवीधर झाला.

आता गंमत पाहा. जो माणूस पुढे अमेरिकेचा सर्वांत नावाजलेला वार्ताहर झाला, त्याने वर्तमानपत्रात एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. कॉलेजनंतर तो विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला, मग न्यूयॉर्कच्या एका शिक्षणसंस्थेत लागला. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला नि ज्यू व इतर प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकलू लागला. अशा विद्वानांना अमेरिकेत आसरा मिळवून देणाऱ्या समितीच्या कामाला मर्रो जुंपले गेले. (इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हरकत नाही.) मोठमोठी माणसे एका रात्रीत बेघर झालेली त्यांनी जवळून पाहिली. १९३५ साली सी.बी.एस. या रेडिओ कंपनीत ते रुजू झाले. काम होते भाषणे करायला चांगले वक्ते शोधून आणायचे. नोकरीच्या अर्जात त्यांनी वय वाढवून आणि शिक्षण फुगवून लिहिले होते. आईच्या शिकवणीत हे बसणारे नव्हते, पण घडले ते घडले.

१९३७ साली कंपनीने त्यांना लंडनला पाठवले. तिथेही वक्तेच जमवायचे होते. मदतीला त्यांनी विल्यम शायरर नावाचा अनुभवी बातमीदार घेतला. हे शायरर १९३०-३१ साली हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या चळवळीच्या बातम्या देऊन गेले होते. मार्च १९३८ मध्ये हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात घुसले तेव्हा मर्रो पोलंडमध्ये होते. त्यांनी बर्लिन गाठले, तिथून २७ आसनांचे अख्खे विमान एकट्यासाठी भाड्याने घेतले आणि व्हिएन्ना गाठली. १३ मार्चला ते तिथून रेडिओवर बोलले. बातमीदार म्हणून त्यांचे हे पहिले बोलणे. तोवर त्यांचे वय तीसही पूर्ण झालेले नव्हते.

१९४० साली लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकू लागली. त्या ऑगस्टमधल्या एका रात्री मर्रो ट्रॅफल्गार चौकात उभे होते. भोंगा वाजला. माणसे आसऱ्याकडे निघाली. मर्रोंनी काय करावे? त्यांनी हातातला मायक्रोफोन खाली फरसबंदीवर टेकवला. हजारो मैलांवर अमेरिकेतल्या घरांत लोकांना लंडनकरांच्या पायांचा आवाज ऐकू आला. पावले पळत नव्हती, चालत होती. लंडनची माणसे घाबरलेली नाहीत हे सांगायला त्यांना एक शब्दही खर्चावा लागला नाही. शेतात उभे राहून पाटाच्या पाण्याच्या आवाजावरून बारे भरले की नाही हे ओळखणाऱ्या माणसाला यातले मर्म लगेच कळेल.

बोलण्याची सुरुवात ते "हे लंडन आहे" अशा अर्थाच्या तीन शब्दांनी करीत, पण पहिल्या शब्दानंतर क्षणभर थांबत. हे थांबणे अँडरसनबाईंनी सुचवलेले. पुढे त्यांनी बाँबफेकी विमानांतून २५ वेळा उड्डाण केले. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्ड या छळछावणीत जे पाहिले ते त्यांनी आवाज न चढवता सांगितले.

युद्ध संपले, मर्रो मायदेशी परतले. मग आली दूरचित्रवाणी. तेव्हा त्यांना जोडीदार मिळाला फ्रेड फ्रेंडली. हा धिप्पाड, उतावळा, रात्रंदिवस धावणारा माणूस. मर्रो बोलणार, फ्रेंडली जुळवाजुळव करणार. १८ नोव्हेंबर १९५१ रोजी 'सी इट नाऊ' हा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी पूर्व किनाऱ्यावरचा न्यूयॉर्कचा पूल आणि पश्चिम किनाऱ्यावरचा सॅन फ्रान्सिस्कोचा पूल एकाच वेळी शेजारी शेजारी दाखवले. लोक थक्क झाले.

निर्माता करतो काय, असे एखाद्याने विचारले तर उत्तर साधे आहे. विषय ठरवणे, माणसे शोधणे, त्यांच्याकडे बसून विश्वास मिळवणे, पैसा आणि वेळ यांचा मेळ घालणे, आणि शेवटी ढीगभर फिल्ममधून थोडीशी निवडणे. मळणी झाल्यावर वारा बघून उफणावे लागते, तसेच. या दोघांचा नियम असा की नट घ्यायचे नाहीत, तालीम घ्यायची नाही. माणूस जे बोलेल ते बोलेल. १९५२ च्या नाताळात ते कोरियाच्या युद्धभूमीवर कॅमेरे घेऊन गेले. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला तोफा नाहीत, झेंडे नाहीत. एक शिपाई गोठलेल्या जमिनीत खड्डा खणू पाहतो आहे आणि जमीन फावड्याला दाद देत नाही, एवढेच आहे. चैत्रातल्या कातळावर ज्याने पहार मारली आहे त्याच्या मनगटाला ते दृश्य समजेल.

त्या काळात अमेरिकेत कम्युनिस्टांच्या भीतीने थैमान घातले होते. जोसेफ मॅकार्थी नावाचा सिनेटर उठेल त्याच्यावर देशद्रोहाचा संशय घेई. कोणी शेजाऱ्याने कागाळी केली की नोकरी गेलीच. १९५३ साली मिशिगन राज्यातल्या एका तरुण लेफ्टनंटला हवाई दलातून काढायचे ठरले. त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता. बाप आणि बहीण यांच्यावर संशय होता, एवढेच. मर्रो-फ्रेंडलींनी त्याच्या गावी जाऊन बाप-लेकाला कॅमेऱ्यापुढे बोलते केले. कंपनीने या भागाची जाहिरात करायचे नाकारले, तेव्हा दोघांनी पदरचे १५०० डॉलर घालून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. महिनाभरात हवाई दलाने त्या तरुणाला ठेवून घेतले. मग ९ मार्च १९५४ रोजी त्यांनी थेट मॅकार्थीवर कार्यक्रम केला. त्यात बहुतेक चित्रे मॅकार्थीच्याच भाषणांची नि चौकश्यांची होती. माणसाला त्याच्याच आरशापुढे उभे केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिनेटने मॅकार्थीच्या वागणुकीचा निषेध केला. सगळे श्रेय मर्रोंना देणे बरोबर नाही. त्यांच्या आधीही कितीतरी बातमीदारांनी मॅकार्थीशी दोन हात केले होते. पण घराघरांतल्या माणसांनी त्याला डोळ्यांनी पाहिले ते या रात्री.

यानंतर मर्रोंची भरभराट झाली असेल असे तुम्हाला वाटेल. झाले उलटेच. १९५५ साली कार्यक्रमाचा पुरस्कर्ता, म्हणजे जाहिरातीचा पैसा देणारी कंपनी, बाजूला झाली. त्याच वेळी बक्षिसांच्या प्रश्नोत्तरांचे खेळ पडद्यावर आले आणि त्यांत रग्गड पैसा दिसू लागला. 'सी इट नाऊ'ची ठरलेली साप्ताहिक वेळ गेली, आणि १९५८ साली तो बंदच पडला. मधल्या काळात मर्रो नटनट्यांच्या घरी गप्पा मारण्याचा एक हलका कार्यक्रमही करीत होते. पोटासाठी एक, मनासाठी एक, अशी ही दोन बैलांची जोडी. पण दाणा घालणाऱ्याला पहिलाच बैल आवडतो! ऑक्टोबर १९५८ मध्ये शिकागोला त्यांनी आपल्याच धंद्यातल्या लोकांपुढे भाषण केले. हे यंत्र लोकांना शिकवू शकते, पण माणसांनी तसा निश्चय केला तरच. नाहीतर ती तारा आणि दिव्यांची पेटीच, असे त्यांनी सुनावले. मालक मंडळींना ते झोंबले.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. कंपनीने १९५९ साली 'सी.बी.एस. रिपोर्ट्स' नावाची नवी मालिका सुरू केली. प्रमुख फ्रेंडली. त्यातल्या एका चित्रपटासाठी डेव्हिड लो नावाचा निर्माता कॅमेरामन घेऊन नऊ महिने मजुरांच्या मागे हिंडला. ही माणसे फ्लॉरिडातून निघत आणि शेंगा, बटाटे, टोमॅटो असे एकेक पीक तयार होईल तसतशी उत्तरेकडे सरकत. टोळीचा मुकादम असे, त्याची लॉरी असे, आणि वाटेत मिळेल त्या झोपडीत मुक्काम. हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे दसऱ्यानंतर बीडकडून ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे आली असतील. माझ्याही आली.

चित्रपट सुरू होतो फ्लॉरिडातल्या बेल ग्लेड गावात, पहाटे. मजुरांचा अड्डा भरला आहे, मुकादम ओरडून भाव सांगताहेत, माणसे लॉऱ्यांत चढताहेत. मर्रोंचा आवाज सांगतो की हे आफ्रिकेतले दृश्य नव्हे. जगात ज्यांना सर्वांत चांगले खायला मिळते, त्यांच्यासाठी पीक काढणारी ही माणसे आहेत आणि हे १९६० साल आहे. एका शेतमालकाचे उद्गारही सांगितले जातात. पूर्वी आम्ही गुलाम विकत घेत होतो, आता भाड्याने घेतो, असे तो म्हणाला होता.

मग एक बाई दिसते. वय २९. आठव्या वर्षापासून शेतात राबते आहे. त्या दिवशी सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत शेंगा तोडून तिच्या हाती एक डॉलर आला होता. मुले पाळणाघरात ठेवायची तर दिवसाला ८५ सेंट पडतात, म्हणजे डॉलरातले १५ सेंटच उरणार. म्हणून नऊ वर्षांचा मुलगा घरी बहिणींना सांभाळतो. त्याच्या पायात खिळा गेलेला आहे. कॅमेरा बिछान्याकडे वळतो. बिछान्याला उंदरांनी पाडलेले भोक आहे. पोरगा ते अगदी सहज सांगतो, जसे आपले पोर गोठ्यातल्या गाईबद्दल सांगेल.

एके ठिकाणी मर्रो एक हिशेब मांडतात. बाजाराला नेल्या जाणाऱ्या गुराढोरांना दर २८ तासांनी उतरवून पाणी, चारा आणि पाच तास विश्रांती द्यावी असा अमेरिकेत कायदा आहे. लॉरीत कोंबलेल्या माणसांना मात्र चार चार दिवसांचा प्रवास घडतो, आणि कित्येकदा दहा दहा तास गाडी थांबत नाही. एवढे सांगून ते पुढे जातात.

चित्रपटाचे नाव 'हार्वेस्ट ऑफ शेम', आपल्या भाषेत 'लाजिरवाणी सुगी'. तो दाखवला २५ नोव्हेंबर १९६० रोजी. हा दिवसही मुद्दाम निवडलेला. आदल्या दिवशी थँक्सगिव्हिंग हा सण होता. सुगी घरात आली म्हणून देवाचे आभार मानायचे आणि पोटभर जेवायचे, असा तो आपल्या नवान्नासारखा सण. लोक कालचे पक्वान्न पचवत बसले होते आणि पडद्यावर ते कोणी पिकवले हे दिसत होते. शेवटी मर्रो प्रेक्षकांकडे पाहून बोलले. या लोकांच्या अंगात तुमची फळे काढण्याची ताकद आहे, कायदे बदलण्याची नाही. ती कदाचित आपल्यात असेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

फ्लॉरिडातले शेतमालक आणि पुढारी भयंकर खवळले. चित्रपटात मालकांच्या संघटनेच्या अध्यक्षांनाही बोलू दिले होते, पण त्यांच्या मते चित्र एकतर्फी होते. आपण स्वतः शेतकरी. सुगीच्या ऐन वेळी मजूर न मिळाल्यावर जिवाची काय घालमेल होते हे आपल्याला ठाऊक आहे. मालाला भाव नसला तर मजुरी कुठून द्यायची, हाही खराच प्रश्न. चित्रपटाने मालकाच्या या अडचणीत खोल शिरायला हवे होते असे मला वाटते. पण म्हणून त्या बाईच्या हातातला एक डॉलर खोटा ठरत नाही.

पुढे जे घडले ते वाचून मात्र मन खट्टू होते. चित्रपटानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी १९६१ मध्ये, नवे अध्यक्ष केनेडी यांनी मर्रोंना सरकारी माहिती खात्याचे प्रमुखपद देऊ केले. कंपनीत त्यांचे पटेनासे झालेलेच होते. त्यांनी ते घेतले. अमेरिकेची चांगली बाजू जगापुढे मांडणे हे त्या खात्याचे काम. आणि नेमका त्याच सुमारास लंडनच्या बी.बी.सी.ने 'हार्वेस्ट ऑफ शेम' दाखवायचे ठरवले. मर्रोंनी बी.बी.सी.च्या प्रमुखांना फोन करून तो दाखवू नका अशी विनंती केली. ज्या लंडनमधून त्यांनी खरे बोलण्याचे नाव कमावले, तिथेच हा फोन गेला. बी.बी.सी.ने ऐकले नाही, चित्रपट दाखवला. वर फोनची बातमी फुटली आणि मर्रोंची नाचक्की झाली. परक्यांच्या दारात आपल्या घरची लाज नको, ही भावना कोणाला कळत नाही? पण पत्रकाराने सरकारी खुर्चीवर बसले की काय होते, हे एवढ्या मोठ्या माणसाच्या उदाहरणावरून दिसले. मर्रोंच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने फोन केला नसता, असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

१९६२ साली स्थलांतरित शेतमजुरांच्या दवाखान्यांसाठी सरकारी मदत देणारा कायदा झाला, त्यावर केनेडींनी सही केली. वर्षानुवर्षे खटपट करणारे बरेच लोक त्यामागे होते. चित्रपटाने लोकमत जागे केले हेही खरे.

मर्रोंचे शरीर साथ देईनासे झाले होते. तंबाखूला न शिवणाऱ्या आईचा हा मुलगा दिवसाला साठ-साठ सिगारेटी ओढी. १९५५ साली त्यांनीच सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावर दोन कार्यक्रम केले होते. १९६३ साली त्याच रोगाने त्यांचे एक फुप्फुस काढावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी सरकारी काम सोडले. न्यूयॉर्कच्या उत्तरेला पॉलिंग गावाजवळ त्यांनी शेत घेतलेले होते. सवड मिळाली की ते तिथे जाऊन ट्रॅक्टरवर बसत. त्याच शेतावर २७ एप्रिल १९६५ रोजी, ५७ वा वाढदिवस झाल्यावर दोनच दिवसांनी, त्यांचे निधन झाले. फ्रेंडली तोवर कंपनीच्या बातमी विभागाचे मुख्य झाले होते. १९६६ साली व्हिएतनाम युद्धाबद्दलची सिनेटमधली सुनावणी दाखवायची सोडून कंपनीने जुन्या विनोदी मालिकेचा भाग लावला, तेव्हा त्यांनी राजीनामा देऊन टाकला.

१९७० साली एन.बी.सी. या दुसऱ्या कंपनीचा निर्माता मार्टिन कार पुन्हा फ्लॉरिडात गेला. मर्रोंच्या चित्रपटाला दहा वर्षे झाली होती. त्याने संत्र्यांच्या बागांत काम करणाऱ्या मजुरांच्या झोपड्यांत कॅमेरा नेला. दाटीवाटीच्या खोल्या, तुटपुंजी मजुरी आणि शाळेऐवजी शेतात गेलेली पोरे त्याच्याही फिल्ममध्ये आली.